मोडक्या चर्चचे मोजणीदार

ता. ११ मे १९३८. सकाळपासून रातांबे फोडत बसले आहे. दोन पाट्या झाल्या, तीन राहिल्या. साली एकीकडे, बिया एकीकडे, रस मडक्यात. कोपरापर्यंत हात लाल. अशा हातांनी टपाल घेतले, ते आमच्या जुन्या घरमालकांच्या पुतण्याचे निघाले. घरमालक गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांच्या आठवणींचे एक लहानसे पुस्तक पुतण्या छापणार आहे, आणि "आपण सात वर्षे त्यांच्या सहवासात होता, तरी गौरवाचे चार शब्द लिहून पाठवावे" अशी त्याची विनंती आहे.

गौरवाचे शब्द माझ्याजवळ नाहीत. सहवास म्हणाल तर मी त्यांच्या माडीखालच्या दोन खोल्यांत राहत होते आणि ते माडीवर राहत होते. मी दवाखान्यात नर्स, रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांतून बाळंतपणे करीत हिंडणारी. त्यांना काम नव्हते आणि मला वेळ नव्हता. आठवते ते लिहिते. पुतण्याला छापायचे तर छापावे, नाही तर चुलीत घालावे.

घरमालक मोजणी खात्यातून पेन्शनीत निघालेले. तीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि पुढे मोजायला काही उरले नाही म्हणून त्यांनी घर मोजायला घेतले. विहिरीपासून न्हाणीपर्यंत पावले किती, जिन्याची कुठली पायरी किती सूत वाकडी, सगळे त्यांना तोंडपाठ. कोणी काही सांगितले की त्यांचा एकच प्रश्न, "मोजलंत का?"

मी राहायला आले त्याच आठवड्यात भंडारवाड्यात एका बाईला जुळी झाली. दमून घरी आले तर हे ओट्यावर.

"काय, सुटका झाली का त्या बाईची?"

"झाली. दोन मुलगे. चांगले धडधाकट आहेत."

"वजन?"

"सांगितलं ना, चांगले आहेत."

"नर्सबाई, चांगले हे वजन नव्हे. मोजलंत का?"

मला राग आला, कारण मोजले नव्हते. हातावर तोलून अंदाज केला होता. दुसऱ्या दिवसापासून मी पिशवीत काटा ठेवू लागले. घरमालकांचा मला झालेला फायदा एवढाच, आणि तो मी इथे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवते.

त्यांचा दुसरा रोग नोटिसांचा. फुलस्केप कागदावर बोरूने लिहिलेल्या, कलमवार, खळीने चिकटवलेल्या. विहिरीवर: "रहाट सावकाश सोडावा. कलम दोन, रहाट सोडताना बोलू नये." फणसाच्या बुंध्यावर: "या झाडास टेकू नये. टेकल्यास चीक लागेल. चीक लागल्यास मालक जबाबदार नाही." संडासाच्या दारावर आठ कलमे होती, ती मी इथे देत नाही. त्यांची बायको मंडणगडला भावाच्या घरी बारशाला गेली ती परत आलीच नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी चुलीच्या वरच्या भिंतीवर "फोडणी देण्यापूर्वी खिडकी उघडावी" अशी नोटीस लागली होती, असे शेजारीण सांगे. त्या बाईला मी कधी पाहिले नाही, पण तिच्याविषयी मला आदर आहे.

पहिला महिनाभर मी नोटिसा पूर्ण वाचल्या. पुढे पहिली दोन कलमे वाचून सोडून द्यायची सवय लागली. सगळ्याच बिऱ्हाडकरूंना लागली होती.

हे सगळे मात्र घरातले किरकोळ. त्यांचे खरे वेड खाडीपलीकडे होते.

तरीतून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, खाडी उतरून अर्धा कोस चढले की माथ्यावर एक पडके चर्च होते. कोणे काळी फिरंगी व्यापाऱ्यांनी बांधलेले. गावचे लोक त्याला फिरंगी देऊळ म्हणत. छप्पर केव्हाच गेलेले. जांभ्या चिऱ्यांच्या तीन भिंती, त्यांतली पूर्वेची तेवढी पुरती उभी, तिच्यात एक कोनाडा. दक्षिणेची भिंत गुडघ्याएवढी उरलेली. पश्चिमेची दोन्ही बाजूंनी ढासळून मधली दाराची कमान तेवढी एकटी उभी होती, जणू घर विसरून कोणी दार ठेवून गेले आहे. आत शेरडांच्या लेंड्या, कुड्याची झुडपे, एका कोपऱ्यात वारूळ. बस्स. एवढ्यासाठी घरमालक पावसाळा सोडून दर रविवारी माणसे धरून नेत.

माणसे कुठली? बंदरावर बोटीतून उतरणारी. मुंबईहून कोणी हवापालटाला आले, कोणी बदलीवर आले, की हे पडावापाशी उभेच. बिचाऱ्यांना आरे-वाऱ्याच्या वाळूवर फिरायचे असे, हे त्यांना डोंगर चढवीत. आणि नवा बिऱ्हाडकरू आला की त्याची एक फेरी सक्तीची. माझी झाली तेव्हा माझ्याबरोबर मुंबईचे एक विमा एजंट होते, पाटलोण आणि टोपीवाले. ऊन मी म्हणत होते. वर पोचल्यावर एजंट सरळ गुडघ्याएवढी भिंत ओलांडून आत गेले आणि कोनाड्याच्या सावलीत बसले.

"बाहेर या," घरमालक म्हणाले.

"का हो?"

"भिंतीतून काय येता? दारातून या."

"अहो, भिंत आहे कुठं?"

"तुम्हांला दिसत नसेल. मला दिसते."

एजंटाला वाटले थट्टा आहे. तो हसला. हे हसले नाहीत. हातातली छत्री कमानीकडे करून उभेच राहिले. शेवटी तो गृहस्थ भिंत ओलांडून बाहेर गेला, सबंध वळसा घालून कमानीतून पुन्हा आत आला, आणि घामाघूम होऊन म्हणाला, "आता तरी बसू?" मीही कमानीतूनच गेले. वाद घालण्यापेक्षा वीस पावले स्वस्त पडतात. पण मनात म्हटले, हा माणूस वेडा आहे, आणि वेड्याच्या घरात आपले बिऱ्हाड आहे.

मग व्याख्यान. इथे वेदी होती, इथे पाद्री उभा राही, इथून पलीकडच्या तोंडापर्यंत बेचाळीस पावले. प्रवासी मंडळी पोह्यांचे डबे सोडत, कोळशाने भिंतीवर आपली नावे लिहायला बघत, आणि "इथं देव कुठला होता हो?" असे विचारीत. त्या प्रवाशांची मला घरमालकांहून जास्त चीड येई. पाहायचे काही नाही हे त्यांना कळत होते, पण तसे म्हणायची हिंमत एकालाही नव्हती.

शेवटी उन्हे कलली की मुख्य कार्यक्रम. पूर्वेच्या भिंतीवर कोनाड्याशेजारी जुना गिलावा थोडासा टिकून होता. तिरपे ऊन पडले की त्याच्यावर सहा अक्षरे दिसतात, असा घरमालकांचा दावा. फिरंगी लिपीतली, चर्च बांधणाऱ्याच्या नावाची.

"दिसली?"

"हो हो, दिसली की," सगळे एका सुरात. परतीची तर गाठायची असे.

माझ्यापाशी आले. "नर्सबाई?"

"मला गोगलगायीची वाट दिसते."

परत येताना ते तरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. अलीकडे पाय ठेवल्यावर म्हणाले, "खरं बोललात. बाकीचे खोटारडे आहेत. पण तुम्ही आंधळ्या आहात."

आता इतके जर वेड होते तर अक्षरे कागदावर उतरवून का घेतली नाहीत, हे मी त्यांना एकदा विचारले. तीन वेळा उतरवली होती म्हणे. तिन्ही वेळा वेगवेगळी आली. म्हणून तिन्ही कागद फाडले. "चुकीचा नकाशा देण्यापेक्षा न दिलेला बरा," असे म्हणून ते माडीवर निघून गेले.

ती टेकडी गावच्या खोतांची. टेकडीखाली त्यांचे खाजण होते, खाडीकाठची भातजमीन. तिचा मातीचा बांध दर उधाणाला फुटे आणि खारे पाणी आत शिरे. खोतांना पक्का बांध घालायचा होता आणि चिरे वर आयते पडले होते. ते पायवाटेवर गाठ पडली की घरमालकांना सरळ सांगत.

"मोजणीदार, मेलेल्या फिरंग्यांना दगड काय करायचेत? माझं भात जळतंय खाली."

"एक चिरा हलवलात तर सरकारात जाईन."

"जा की. जागा माझी, दगड माझे. तुमचं काय आहे त्यात? तुमची पावलं?"

मला खोतांचे म्हणणे पटे. भात खाता येते. फिरंगी पाद्री कुठे उभा राही हे जाणून कुणाचे पोट भरत नाही. तसे मी घरमालकांना तोंडावर सांगितलेही होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर नोटीस लावली: "इतिहासाविषयी मते देण्यापूर्वी अभ्यास करावा." पुढे आणखी तीन कलमे होती.

अर्ज मात्र ते करीतच राहिले. नऊ वर्षे. सरकारने ती जागा आपल्या ताब्यात घ्यावी, म्हणजे खोतांना पहार लावता येणार नाही, हे मागणे. नवव्या वर्षी उत्तर आले. जुन्या वास्तूंची पाहणी करणारे एक साहेब मडमेसह दौऱ्यावर येत आहेत, ते शुक्रवारी जागा पाहतील. अर्जात म्हटल्याप्रमाणे शिलालेख किंवा तत्सम लेख प्रत्यक्ष आढळल्यास सरकार विचार करील; न आढळल्यास मालकास आपल्या मालमत्तेचे हवे ते करण्याची मोकळीक राहील. खोतांनाही त्याची प्रत गेली. खोत म्हणाले, ठीक आहे, शुक्रवारपर्यंत थांबतो, सोमवारी गडी लावतो.

घरमालक ते पत्र हातात घेऊन माझ्या दाराशी आले. उंबऱ्याच्या आत कधी येत नसत, त्या दिवशीही आले नाहीत. दाढी केलेली होती आणि हनुवटीला दोन ठिकाणी कापले होते.

"मडमेची व्यवस्था तुमच्याकडे. खारवीवाडीतल्या बायका तुमचं ऐकतात. मी बुधवारी साहेबांना आणायला राजापूरला जातो, शुक्रवारी त्यांच्याबरोबरच येईन." आणि त्यांनी चार फुलस्केप कागद माझ्या हातात दिले. "सूचना आहेत. वाचाल?"

"वाचीन," मी म्हटले.

वाचल्या. कलम एक: जागा स्वच्छ असावी. कलम दोन: स्वच्छ म्हणजे मडमेस किळस येणार नाही इतपत. ही माझ्याच धंद्यातली गोष्ट. यापुढे मला कोणी काय शिकवायचे? कागद घडी करून पिशवीत कात्रीखाली ठेवून दिले.

गुरुवारी सकाळी खारवीवाडीतून आठ बायका घेऊन वर गेले. त्यांतल्या सहाजणींची बाळंतपणे मीच केलेली, त्यामुळे हाक मारली की येत. केरसुण्या, कोयती, शेणाच्या पाट्या.

"नर्सबाय, ह्यो तर गोठाच झालाय गो शेरडांचा!"

"म्हणूनच तुम्हांला आणलंय. बोलू नका, हात चालवा."

"नि मडम बसनार कुठं?"

"सारवल्यावर बसेल."

"तिला शेन चालतां?"

"न चालायला काय झालं? घर आपलं, पाहुणी ती."

यावर सगळ्या खिदळल्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "माजी सून आली तवा पन मी हेच बोल्ले. ती पाच वर्सांत नाय बसली." पुन्हा हसणे. पण कामाला वाघ. दोन तासांत झुडपे गेली, लेंड्या गेल्या, जमीन चोपून सारवायला घेतली. इतक्यात खालून एक पोरगी धावत आली. तिच्या आईला कळा लागल्या होत्या. मी पिशवी उचलली.

निघताना एकीने विचारले, "भिंती अशाच काळ्या ठेवाच्या? आमच्या घरात शिंपल्यांचा चुना हाय भिजवलेला."

आमच्याकडे साहेब यायचा म्हणजे चावडी असो की शाळा, चुना लागतोच. शाळा तपासनीस येणार म्हणून आंब्याच्या बुंध्यांनाही चुना लावलेला मी पाहिला आहे. मी उतारावरून ओरडले, "लावा की! विचारता काय?"

बाळंतीण अडली नव्हती, लवकर मोकळी झाली. चार वाजता मी वर आले, आणि खरे सांगते, जीव सुखावला. हिरवीगार सारवलेली जमीन. तिच्यावर रांगोळीची कमळे. भिंती दुधासारख्या. कमानीला आंब्याचा टाळा, कोनाड्यात जास्वंदीची फुले. पूर्वेची भिंत उंच, तिचा वरचा भाग बायकांच्या हाताला पोचेना. मी उंच आहे. काथ्याचा कुंचला घेतला, दगडावर उभी राहिले, आणि वरचा भाग मीच रंगवला. मग खालीही एक हात फिरवला, डाग राहू नये म्हणून. अक्षरे मनात आली नाहीत का, असे कोणी विचारील. नाही आली. ज्या गोष्टीला सात वर्षे हसले ती ऐन वेळी मनात कुठून येणार? माझ्या डोळ्यांसमोर मडमेची किळस होती.

शुक्रवारी मी तरीच्या धक्क्यावर त्यांना सामोरी गेले. पांढऱ्या भिंती खाडीतूनच दिसत होत्या. तरीवाल्याने विचारले, "मोजणीदार, देवळात उत्साव हाय काय वो?" घरमालकांनी वर पाहिले. छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि चढायला लागले, साहेबांच्या पुढे, जवळजवळ धावत.

वर आल्यावर मात्र कमानीपाशी थांबले. साहेब आणि मडम दारातून आत गेले, तेव्हा मग त्यांच्यामागून हे. मडम रांगोळी पाहून खूश झाली, टाळ्या वाजवू लागली. म्हातारीने तिला शहाळे दिले. खोत हात जोडून दक्षिणेच्या पडक्या भिंतीशी उभे होते. साहेबांनी वही उघडली. त्यांना मराठी येत होते, पुस्तकी.

"लेख कोठे आहे?"

घरमालक पूर्वेच्या भिंतीपाशी गेले. कोनाड्याशेजारी तळहात टेकला आणि काढला. तळहात पांढरा झाला होता.

"येथे होता."

"होता?"

"रविवारी होता."

साहेबांनी छडीच्या टोकाने चुना खरवडला. ओलसर पापुद्रा पडला, त्याच्याबरोबर खालच्या गिलाव्याचाही टवका आला.

"हा चुना नवा आहे."

"नवा आहे."

"नव्या चुन्याच्या भिंतीविषयी मी सरकारास काय लिहू?"

ज्या माणसाजवळ रहाट सोडण्याविषयी कलमे होती, तो पांढरा तळहात धोतराला पुसू लागला. खोत अदबीने म्हणाले, "साहेब, जागा आम्ही वापरात ठेवली आहे." सरळ खोटे. पण पांढऱ्या भिंती त्यांच्या बाजूने साक्ष देत होत्या. साहेबांनी वही मिटली. मडमेने शहाळे संपवले. अर्ध्या तासात मंडळी खोतांच्या बैलगाडीतून पुढच्या मुक्कामाला गेली.

मी पुढे झाले. "बायकांचा दोष नाही. लावा म्हणून मी सांगितलं. वरचा हात माझा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "कलम सतरा," म्हणाले. तेवढेच. मग छत्री काखेत मारली आणि दक्षिणेची गुडघ्याएवढी भिंत ओलांडून सरळ बाहेर चालते झाले. कमानीकडे पाहिलेसुद्धा नाही. सात वर्षांत त्यांना तिथून जाताना मी कधी पाहिले नव्हते.

परत येताना ते तरीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, पाठ करून बसले होते. मी कात्रीखालचे कागद काढले. कलम सतरा: "पूर्वेकडील भिंतीस कोणीही, कोणत्याही सबबीवर, हात लावू नये." खाली दोन रेघा मारलेल्या.

खोतांनी बोलल्याप्रमाणे सोमवारी गडी लावले. बांध आजही पक्का आहे, आणि त्या खाजणात भात बरे पिकते, हे पुतण्याने अवश्य छापावे. आमचे मोजणीदार पुन्हा खाडीपलीकडे गेले नाहीत. मुंबईच्या बोटीवरही जाईनासे झाले. दोन महिन्यांनी मी दवाखान्याजवळ खोली पाहिली. त्यांनी मला जा म्हटले नव्हते. उलट जाताना मी काटा विसरले होते तो पाठवून दिला, नोटिशीशिवाय. असल्या माणसाबरोबर राहणे सोपे नव्हते आणि मी ते गोड करून सांगणार नाही.

फक्त एक गोष्ट उरते. ती मी कोणाला सांगितलेली नाही.

त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या तरीने पलीकडे गेले. माझी पाळी दुपारची होती. पिशवीत बोरिक कापूस घेतला आणि बाटलीत चिंचेचा कोळ. नवजात मुलाचे डोळे पुसतात तसा कापूस कोळात बुडवून, आतून बाहेर, दर खेपेला नवा बोळा, असा चुना काढू लागले. जोर केला की गिलावाही सुटत होता, म्हणून जोर करता येत नव्हता. म्हातारी खारवीण शेरडे घेऊन आली, कमानीत थबकली. "परवा लावलांत नि आज पुसताव? साहेबाला नाय आवाडला?" मी म्हटले, "तू आपली शेरडं बघ." ती बघत बसली, माझ्याकडेच.

उन्हे चढेपर्यंत तळहाताएवढी जागा मोकळी झाली. तिच्यात एक बाक असलेली रेघ होती, खाली वळलेली. दवाखान्याच्या जन्माच्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर ती मी पेन्सिलीने जशी होती तशी काढून घेतली. ते अक्षर होते की कुंचल्याच्या काथ्याने पडलेला ओरखडा, हे मला तेव्हा सांगता आले नाही आणि आजही येणार नाही. घरी आले. जिना चढून माडीवर गेले. दार आतून बंद होते. कागद खालच्या फटीतून आत सरकवला, हात धुतले आणि कामावर गेले.